वाचक विचारतात : कॅमेरा शे, पन बटन कोनाजोडे?

मागच्या महिन्यात या सदरात मी एका ओळीत लिहून गेले होते की हल्ली हद्दीवर गाडी अडवणाऱ्याच्या छातीवर कॅमेरा असतो, तर उगाच घाबरू नका. झालं. पत्रं, व्हॉट्सॲप, व्हॉइस नोट, एकाने तर कोर्टाच्या पायऱ्यांवरच गाठलं, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, ताई तुम्ही शिरपुरात राहून असं कसं लिहिता? बरोबर आहे, अर्धवट लिहिलं होतं मी. आपल्या खान्देशाला दोन-दोन राज्यांच्या हद्दी लागलेल्या, पळासनेर सोडून बिजासनचा घाट चढला की सेंधवा, नवापूर सोडलं की सोनगढ, रावेरहून पुढे बऱ्हाणपूर, आणि चोपडा-यावलच्या वर तर सातपुड्यात हद्द कुठे संपते ते फॉरेस्टवाल्यालाच माहीत. त्यामुळे या वेळी बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवले, वारसनोंदीवाले आणि भाडेकरूवाले थोडं थांबा, हा अख्खा अंक कॅमेऱ्याचा.

"ताई, माझ्या तीन गाड्या आहेत. गेल्या महिन्यात कापसाच्या गाठी भरून एक गाडी चालली होती, हद्दीच्या आसपास अडवली, कुठल्या बाजूला ते लिहीत नाही, रोजचा धंदा आहे. साहेबाच्या छातीवर कॅमेरा होता. बिल्टी, परमिट, इन्शुरन्स, काट्याची पावती सगळं पाहिलं, ओव्हरलोड नव्हतीच. तरी टपरीजवळ बसलेल्या एका पोराला दीड हजार द्यायला लावले. चलान नाही, पावती नाही. मी ड्रायव्हरला म्हटलं कॅमेरा होता ना, तर तो म्हणे, 'शेठ, कॅमेरा शे, पन बटन कोनाजोडे?' आता सांगा."
— एक ट्रकमालक, शिरपूर

तुमच्या ड्रायव्हरला माझा नमस्कार सांगा, कॅमेरा आहे पण बटण कोणाकडे, अख्ख्या विषयाचं मर्म त्याने पाच शब्दांत सांगून टाकलं, मला आता नुसतं फोडून सांगायचंय.

आधी थोडं मागचं. तुमच्या वडिलांच्या काळात हद्दीवर दोन-तीन खात्यांचे बॅरियर असायचे, विक्रीकर वेगळा, आरटीओ वेगळा, आणि प्रत्येक ठिकाणी "एंट्री", म्हणजे पावतीविना द्यायचे पैसे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके गेले. गुजरातने नोव्हेंबर २०१९ मध्ये आरटीओ चेकपोस्ट बंद केले. मध्य प्रदेशने १ जुलै २०२४ पासून बंद केले, म्हणजे सेंधव्याच्या ज्या बॅरियरच्या नावाने दोन पिढ्यांच्या ड्रायव्हरांनी शिव्या दिल्या तोसुद्धा, आणि त्याऐवजी पथकं लावली, तपासताना बॉडी कॅमेरा चालू ठेवायचा अशी सूचनाही दिली. आपल्याकडेही सीमा तपासणी नाके बंद करायचा प्रस्ताव २०२५ मध्ये परिवहन खात्याने पुढे आणला. म्हणजे नाका एका जागी होता तो आता चालता-फिरता झाला, आणि चालत्या-फिरत्या नाक्यावर सीसीटीव्हीचा खांब नसतो, उरतो फक्त छातीवरचा कॅमेरा. म्हणून त्याला एवढं महत्त्व.

आता बटण. हा कॅमेरा ड्युटीभर अर्धवट जागा असतो, चित्र घेतो आणि पुसतो, घेतो आणि पुसतो. बटण दाबलं की रेकॉर्ड पक्कं व्हायला लागतं, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये दाबण्याच्या आधीचे काही सेकंदही, साधारण ३०, सोबत येतात, पण आधीच्या त्या तुकड्यात बहुधा आवाज नसतो. कॅमेरा बघतो फक्त छातीसमोरचं. टपरीवरचा पोरगा म्हणजे ज्याला आपण झिरो पोलीस किंवा पंटर म्हणतो, साहेबासाठी पैसे घेणारा बाहेरचा माणूस, तो बरोब्बर त्या चौकटीच्या बाहेर बसतो, ती काही त्याची आवड नाही, ती त्याची नोकरी आहे.

पण एक गोष्ट लोकांना माहीत नसते. चांगल्या सिस्टिममध्ये कॅमेरा कधी चालू झाला, कधी बंद झाला, कुठल्या नंबरचा होता, त्या दिवशी कुणाला दिला, हे सगळं लॉगमध्ये राहतं. म्हणजे तुमच्या गाडीच्या वेळेला कॅमेरा बंद होता हेच मुळात कागदावर येऊ शकतं, आणि साहेबाला मग सांगावं लागतं की तपासणी चालू असताना का बंद होता. म्हणून नुसतं "फुटेज द्या" असं मागायचं नाही. फुटेज, चालू-बंदचा लॉग, आणि कॅमेरा वाटपाचं रजिस्टर, तिन्ही मागायचं. फुटेज नाही म्हणाले तरी उरलेल्या दोन गोष्टी बोलतात.

आणि एक कडू गोष्ट सांगते, राग मानू नका. लाच देणं हापण गुन्हा आहे, २०१८ च्या दुरुस्तीनंतर तर स्पष्टच. सुटका एवढीच की तुम्हाला द्यायला भाग पाडलं आणि तुम्ही ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर तुमच्यावर गुन्हा नाही. तुमचं पत्र माझ्याकडे आलं तेव्हा महिना होऊन गेला होता. पुढच्या वेळी असं झालं तर त्याच रात्री ड्रायव्हरकडून वेळ, किलोमीटरचा दगड, गाडीचा नंबर, साहेबाच्या नेमप्लेटवरचं नाव व्हॉट्सॲपवर घ्या, आणि महाराष्ट्राच्या हद्दीत असाल तर १०६४ ला फोन करा, तो अँटी करप्शनचा फुकट नंबर आहे, मध्य प्रदेशात असाल तर लोकायुक्त. गाडीत डॅशकॅम बसवा. दीड हजार दोनदा गेले तर डॅशकॅमची किंमत निघते, हिशोब तुम्हीच करा.

"फुटेज मागायचं म्हणता, पण द्यायला ते काय खुळे आहेत? आमच्या केळीच्या गाड्या सावद्याहून दिल्लीकडे जातात, एकदा साडेचार तास थांबवली, माल उतरवेपर्यंत घड काळे पडले. फुटेज मिळवायची खरी पद्धत सांगा, पुस्तकी नको."
— एक केळी व्यापारी, सावदा

खुळे नाहीत हो, पण तुम्ही कागद दिला की त्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर नाही दिलं तर तेही तुमच्या कामाला येतं.

पहिला अर्ज माहिती अधिकाराचा नसतो, इथेच सगळे चुकतात. पहिला अर्ज असतो "जतन करा" म्हणून. त्या पथकाच्या वरच्या अधिकाऱ्याला, दोन-तीन दिवसांत, अमुक तारीख, इतके वाजल्यापासून इतके वाजेपर्यंत, अमुक ठिकाणचं बॉडी कॅमेऱ्याचं आणि जवळच्या टोलनाक्याचं फुटेज पुसू नका. हातोहात द्या आणि पोच घ्या, नाहीतर रजिस्टर्ड पोस्टाने. मग दुसरा अर्ज माहिती अधिकाराचा, १० रुपये, उत्तराला ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. तपास चालू आहे म्हणून नकार देतील, तर विचारा की फुटेज दिल्याने तपासात नेमका काय अडथळा येतो, नुसतं तपासाचं नाव घेऊन चालत नाही.

चलान झालं असेल तर काम सोपं. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राच्या मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला, त्यात स्पीड गन, सीसीटीव्ही यांच्या जोडीला बॉडी कॅमेराही आहे. यंत्राला मान्यतेचं सर्टिफिकेट लागतं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं, गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत यायला हवी, आणि चलान निकाली निघेपर्यंत, अपील असेल तर अपील संपेपर्यंत रेकॉर्ड ठेवायचं आहे. ज्या शहरांत ही यंत्रं लावायची त्या यादीत आपलं जळगावही आहे.

आता जालन्याची गोष्ट ऐका, फार दूर नाही. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. हरलेले कैलास गोरंट्याल कोर्टात गेले, म्हणाले यांचा अर्ज दुपारी ३ ची मुदत संपल्यावर घेतला, आणि पुरावा काय तर निवडणूक अधिकाऱ्याच्याच ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. अडलं कुठे, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जे सर्टिफिकेट लागतं तेच अधिकारी देईनात, पुन्हा पुन्हा लेखी मागूनही. १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सर्टिफिकेट लागतंच, पण ज्याने मागायचं तेवढं मागितलं आणि समोरच्याने दिलंच नाही, त्याला त्याची शिक्षा नको. हायकोर्टाने निवडणूक रद्द केलेली ती रद्दच राहिली. आता ते सर्टिफिकेट भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आलंय, नाव बदललं, गरज तीच. तर "देणार नाहीत" म्हणून न मागणारा माणूस आपल्याच हाताने केस हरतो.

मी स्वतः हरलेय. आमच्या दिराच्या पिकअपला एका ठिकाणी अडवून उगाच मारहाण झाली होती, सगळे घरचे माझ्याकडे बघत होते, वकीलबाई आहे ना घरात. आणि मी कामाच्या गडबडीत दोन महिन्यांनी अर्ज टाकला. उत्तर एका ओळीचं, "सदर फुटेज उपलब्ध नाही." दीर अजून जेवायला बसला की तो विषय काढतो.

"आमचं गाव चोपडा तालुक्यात हद्दीला लागून. रात्री दुसऱ्या राज्याचे पोलीस आले, शेजाऱ्याचं घर झडतीला घेतलं, हत्यार शोधत होते म्हणे. मोबाईलवर शूटिंग करत होते. हे शूटिंग कायद्याने असतं का त्यांची हौस?"
— एक वाचक, चोपडा तालुका

कायद्याने असतं. १ जुलै २०२४ पासून जी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तिच्या कलम १०५ मध्ये झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं आहे, मोबाईलवर केलं तरी चालतं, त्यात जप्त वस्तूंची यादी आणि पंचांच्या सह्याही यायला हव्यात, आणि ते रेकॉर्डिंग उशीर न करता मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं आहे. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. बॉडी कॅमेऱ्याचं फुटेज खात्याच्याच कपाटात राहतं, पण झडतीचं रेकॉर्डिंग खात्याच्या हातातून निघून मॅजिस्ट्रेटकडे जातं, हा फार मोठा फरक आहे. शेजाऱ्याच्या वकिलाने पहिल्याच तारखेला विचारायचं, रेकॉर्डिंग किती वाजता सुरू झालं, किती वाजता संपलं, आणि मॅजिस्ट्रेटकडे कोणत्या दिवशी पोचलं. मुद्देमाल आधी सापडला आणि शूटिंग मागून सुरू झालं असेल तर वेळेतच दिसतं.

सातपुड्यात गावठी कट्ट्यांचा धंदा आहे हे आपल्याला काही नवीन नाही, पोलिसांना जावंच लागतं आणि त्यांच्यावर हल्लेही होतात. पण अटक केली तर नेमप्लेट दिसायला हवी, अटकेचा मेमो हवा, घरच्यांना कळवायला हवं, हे सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून आहे आणि आता संहितेतच आहे. आणि दुसऱ्या राज्यात न्यायचं तर सहसा इथल्या मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे तिकडे न्यायची परवानगी, घेतात, ते झालं का बघा.

"ताई मी एमपीएससी करतोय, तळोद्याचा आहे. अमेरिकेच्या बॉर्डर पोलिसांनी बॉडी कॅमेरे लावले असं वाचलं. तिथे जबाबदारी वाढली का? आणि आपल्याला त्यातून काय घेता येईल?"

प्रश्न पेपरातल्यासारखा विचारलास, उत्तर पेपरातल्यासारखं देणार नाही.

तिथली सीमा पोलीस यंत्रणा म्हणजे सीबीपी, बॉर्डर पेट्रोल त्यातच येतं. २०१५ मध्ये त्यांनी कॅमेरे वापरून बघितले आणि म्हणाले आत्ताच सगळीकडे नको, खर्च आहे, वाळवंटात धूळ आणि ऊन आहे, माणसांच्या मनोधैर्याचा प्रश्न आहे. ऊन-धुळीचं ऐकून मला हसू आलं, त्यांना मे महिन्यात भुसावळला आणायला हवं. मग ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं, वर्षाअखेर ६,००० कॅमेरे.

पण त्याआधीची एक केस बघ. जून २०१० मध्ये एल पासो आणि हुआरेझ यांच्यामधल्या कोरड्या कालव्यात १५ वर्षांचा मेक्सिकन पोरगा अमेरिकेच्या एजंटच्या गोळीने मेला. गोळी अमेरिकेच्या जमिनीवरून सुटली, पोरगा मेक्सिकोच्या जमिनीवर पडला. लोकांनी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ होता. आईबापांनी नुकसानभरपाईचा दावा लावला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी कोर्ट म्हणालं असा दावा लावता येत नाही. व्हिडिओ होता बघ. दार बंद होतं.

दुसरी केस तुला जास्त जवळची वाटेल. ॲरिझोनात टोहोनो ओओढम नावाचे आदिवासी आहेत, १८५० च्या दशकात अमेरिकेने मेक्सिकोकडून जमीन विकत घेतली आणि हद्दीची रेघ यांच्या मुलखातून गेली, अर्धे नातेवाईक इकडे, अर्धे तिकडे. आपल्या भिल्ल-पावरांचं काय वेगळं आहे, मामा मध्य प्रदेशात, आत्या गुजरातेत, तीन सरकारं आणि एकच होळी. तर मे २०२३ मध्ये त्या लोकांपैकी एका माणसाला त्याच्या घराच्या अंगणात बॉर्डर पेट्रोलच्या एजंटांनी गोळ्या घातल्या. या वेळी कॅमेरे होते, आणि साधारण महिनाभरात फुटेज लोकांसमोर आलं. त्याच्या हातात होता मोबाईल, तेही दिसलं. फौजदारी खटला मात्र सरकारी वकिलांनी चालवला नाही.

मग कॅमेऱ्याने फरक काय पडला? माझं मत विचारशील तर पडला, पण निकालात नाही, गोष्टीत पडला. पूर्वी खातं सांगेल तीच गोष्ट असायची, आता घरच्यांकडे दुसरी गोष्ट आहे. ते कमी नाही, पण त्याला न्याय म्हणायचं का, ते तू ठरव.

अभ्यासाचे आकडे हवेत तर दोन लक्षात ठेव, आणि दोन्ही लक्षात ठेव, एक नको. कॅलिफोर्नियातल्या रियाल्टो गावात २०१२-१३ मध्ये वर्षभर प्रयोग झाला, तक्रारी ९० टक्क्यांच्या आसपास घटल्या, कॅमेरा विकणारे अजून तेच कात्रण दाखवतात. मग वॉशिंग्टन शहरात २,००० हून जास्त पोलिसांवर मोठा प्रयोग झाला, २०१७ मध्ये निष्कर्ष आला, बळाच्या वापरात आणि तक्रारींत म्हणण्यासारखा फरक नाही. मला वाटतं, छोट्या गावात साहेब रोज फुटेज बघतो हे सगळ्यांना माहीत असतं, मोठ्या शहरात कोण बघतंय. कॅमेऱ्याचा धाक नसतो रे, बघणाऱ्याचा असतो. आणि अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२५ मध्ये, शिकागोत आंदोलकांवर अश्रुधूर सोडल्यावरून फेडरल न्यायाधीशांना आदेश द्यावा लागला की स्थलांतरितांवर कारवाई करणाऱ्या केंद्राच्या एजंटांनी कॅमेरे चालू ठेवावेत. म्हणजे घोषणा होऊन चार वर्षं झाल्यावर बटणाचा विषय पुन्हा कोर्टातच.

"मुलगा बीएसएफमध्ये आहे, बंगाल बॉर्डरला. फोनवर म्हणे आता अंगावर कॅमेरा येणार. आम्हाला काळजी लागली. रात्री अंधारात तस्कर दगड-कोयते घेऊन येतात, पोरगं जीव वाचवायला काही करेल आणि मग दिल्लीत कोणी तरी एसीत बसून फुटेज बघून त्याचीच नोकरी घेईल. असं होईल का?"
— जवानाचे वडील, अमळनेर तालुका

काका, तुमची काळजी खोटी नाही, पण मी उलटी बाजू सांगते. आज मुलाकडे स्वतःच्या बाजूने काय आहे? त्याचा शब्द आणि सोबत्याचा शब्द. समोरून आधी कोयता चालला हे दाखवायला कॅमेऱ्याएवढा साक्षीदार नाही. बांगलादेशची सीमा ४,०९६ किलोमीटर, नद्या-नाले, शेतं, काही ठिकाणी कुंपणाला लागून घरं. ऑगस्ट २०२५ मध्ये बातम्या आल्या त्या ५,००० हून जास्त कॅमेऱ्यांच्या होत्या, आणि कारणही तेच दिलं होतं, जवानांवरचे हल्ले नोंदले जावेत आणि बेकायदा आलेल्यांना सीमेपार पाठवण्याच्या कारवाया रेकॉर्डवर याव्यात.

दुसरी बाजू पण सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला गोड बोलले असं होईल. ७ जानेवारी २०११ ला फेलानी नावाची १५ वर्षांची बांगलादेशी मुलगी बापासोबत परत जाताना कुंपणावर गोळीने मेली, तिचं प्रेत कितीतरी वेळ तारेला लटकत होतं, तो फोटो जगभर गेला. खटला चालला बीएसएफच्या स्वतःच्या कोर्टात, २०१३ मध्ये गोळी झाडणारा जवान निर्दोष, फेरविचारात २०१५ मध्येही तेच. आपल्या मानवाधिकार आयोगाने ५ लाख भरपाईची शिफारस केली. त्या वेळी छातीवर कॅमेरा असता तर? एक तर जवान खरंच निर्दोष असल्याचं जगाला दिसलं असतं, नाहीतर नसल्याचं. आज चौदा-पंधरा वर्षांनी दोन्ही देशांत आपापली गोष्ट चालू आहे.

नोकरीच्या भीतीचं म्हणाल तर सरकारी कामात केलेल्या कृतीवर खटला भरायला सरकारची परवानगी लागते, आता संहितेचं कलम २१८, आणि सुरक्षा दलांच्या बाबतीत मानवाधिकार आयोगही थेट चौकशी करत नाही, केंद्राकडून अहवाल मागवतो. बीएसएफ माहिती अधिकारातूनही वगळलेलं आहे, फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारी सोडून. एवढी कवचं आहेत. खरं सांगू का, माझ्या मते जरा जास्तच आहेत, पण ते तुमच्या मुलामुळे नाही. त्याला फक्त एवढं सांगा, गस्तीला निघताना कॅमेरा चालू करायची सवय लाव, गडबड झाल्यावर बटण शोधत बसू नको. मागून चालू केलेल्या कॅमेऱ्यात आपला हात दिसतो, समोरच्याचा कोयता आधीच होऊन गेलेला असतो.

"माझे मिस्टर पोलीस हवालदार. कॅमेरा घालून बारा तास उभे, बॅटरी मध्येच मरते, उन्हात गरम होतो, आणि चहा पिताना काय बोलले तेसुद्धा रेकॉर्ड होईल म्हणून मित्रांशी बोलत नाहीत. तुम्ही सगळे जनतेचंच लिहिता."
— एक पत्नी, धुळे

बरं झालं तुम्ही लिहिलं, झापलंत ते पण बरं झालं. चहाच्या वेळी, बाथरूमला, घरी फोन करताना कॅमेरा बंदच असायला हवा, त्यात काही चोरी नाही, नियम एवढाच हवा की माणसाशी सरकारी काम सुरू झालं की चालू आणि संपलं की बंद. त्यांनी एक करावं, चालू करताना तोंडाने म्हणायचं, "कॅमेरा चालू आहे," आणि बंद करताना कारण म्हणायचं. बॅटरी मेली तर तेवढ्याच वेळची स्टेशन डायरीत नोंद. नाहीतर उद्या कुणी म्हणालं मुद्दाम बंद केला, तर साहेब लोक नामानिराळे आणि हवालदार सापडतो, हे मी वीस वर्षं कोर्टात बघतेय. आणि दोन बॅटऱ्या मागायला लाजू नका म्हणावं, लेखी मागा.

"मी नवापूरची, सुरतला कॉलेजला जाते. मीच माझ्या मोबाईलवर शूटिंग केलं तर चालेल का? बसमध्ये दारूची चेकिंग होते, बायकांच्या बॅगा पुरुष उघडतात. आणि तक्रार कुठे करायची, अर्धं इकडे अर्धं तिकडे?"

अर्धं इकडे अर्धं तिकडे हे नवापूरवाल्यांनीच विचारावं, तुमचं स्टेशनच दोन राज्यांत, बाकड्याच्या एका टोकाला बसलं की महाराष्ट्र, दुसऱ्या टोकाला गुजरात.

हो, सार्वजनिक ठिकाणी चाललेल्या कारवाईचं शूटिंग करणं हा काही गुन्हा नाही. २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तर पोलीस स्टेशनसुद्धा सरकारी गुपितांच्या कायद्यातली बंदी असलेली जागा नाही असं सांगितलं, तिथे व्हिडिओ काढला म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. फक्त मधे जाऊ नको, हात लावू नको, शिवी देऊ नको, कारण कामात अडथळ्याचं कलम लावायला त्यांना तेवढंच पुरतं. लांबून, शांतपणे, आणि दुसऱ्या बाईची बॅग किंवा चेहरा दाखवत रील टाकू नको, तिची अब्रू तुझ्या व्ह्यूजपेक्षा मोठी आहे. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, तेही मर्यादा ठेवून, हे संहितेत आहे, सरळ म्हण, "महिला पोलीस बोलवा." बॅग उघडतानाही तेच म्हण. तुझ्या शूटिंगची मूळ फाईल फोनमध्येच ठेव, व्हॉट्सॲपवर पाठवलेली कॉपी बारीक होऊन जाते आणि कोर्टात तिच्यावरून वाद होतो.

तक्रारीचं म्हणशील तर हद्द तुझी डोकेदुखी नाही. झिरो एफआयआर आता संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे, गुन्हा कुठेही घडो, जवळच्या ठाण्याने नोंदवून घ्यायचा आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा. "हे गुजरातचं आहे" असं कोणी म्हणालं तर म्हणायचं, ठीक आहे, नोंदवून गुजरातला पाठवा. आणि ठाण्यात बसल्या बसल्या वर बघ, डिसेंबर २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे तिथे आवाजासकट चालणारे सीसीटीव्ही हवेत आणि रेकॉर्डिंग १८ महिने राहायला हवं, अगदीच यंत्र मिळत नसेल तर निदान वर्षभर. तुला परत पाठवलं तर तेही त्यात असेल, तू फक्त वेळ लिहून ठेव.

या महिन्याची जागा संपली. शहाद्याहून आलेलं गुटख्याच्या गाडीचं आणि साक्रीचं जप्त मोटरसायकलचं पत्र पुढच्या अंकात घेते. आणि एक विनंती, पत्रावर घटनेची तारीख-वेळ टाकत जा हो, या वेळी तीन पत्रांवर नव्हती, एकाने लिहिलंय "पोळ्याच्या आसपास", आता पोळ्याच्या आसपासचं फुटेज मी कोणाकडे मागू.